वटवट्या न आल्याची तक्रार

दिगंबर ओगले यांचा जगात कुणावरही विश्वास नाही आणि याचा त्यांना चांगलाच अभिमान आहे. दूधवाल्याच्या मापावर नाही, वर्तमानपत्रातल्या हवामानावर नाही, आणि डॉक्टर 'काळजीचं काही नाही' म्हणाले तर त्यावर मुळीच नाही. कोथरूडच्या सोसायटीत राहणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला इतका संशय परवडतो, कारण दुसरं काम नसतं, असं कुणी म्हणेल. पण ओगल्यांचा संशय हा काही निवृत्तीनंतर लावून घेतलेला छंद नव्हे, ती त्यांची नोकरी होती. तीस वर्षं ते शहराच्या वेशीवर जकात नाक्यावर होते. मार्केट यार्डाकडे निघालेला ट्रक थांबायचा, ड्रायव्हर म्हणायचा, "कांदा आहे साहेब," आणि ओगल्यांच्या मनात पहिला प्रश्न यायचा, की कांद्याखाली काय आहे? चार-पाच वेळा खाली खरंच काहीतरी निघालं. बाकीच्या हजारो वेळा खालीही कांदाच निघाला, पण ते ओगले सांगत नाहीत.

पक्ष्यांचं वेडही त्यांना नाक्यावरच लागलं. ऑक्टोबरातली सकाळ होती. उभ्या ट्रकांच्या चाकांमधून एक पिवळ्या पोटाचा, लांब शेपटीचा पक्षी शेपूट खालीवर हलवत चालला होता. हा कालपर्यंत इथे नव्हता. जोडीचा शिपाई म्हणाला, "धोबी तो. थंडीच्या तोंडाला येतो, उन्हाळ्यात जातो." कुठून येतो? "लांबून. हिमालयाकडून म्हणतात." ओगले अस्वस्थ झाले. इतक्या लांबून कुणी शहराच्या हद्दीत शिरतो, सहा-सहा महिने राहतो, निघून जातो आणि कुणाकडे साधी नोंद नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक वही आणली. तारीख, वेळ, जागा. पक्ष्यांवर त्यांचं प्रेम बसलं ते असं, चौकशीच्या वाटेने. पण बसलं ते पक्कं बसलं. पुढे नाकेच बंद झाले, ओगले निवृत्त झाले, वही मात्र चालू राहिली.

त्यांची सोसायटी म्हणजे तीन इमारती, मागे बागेची पट्टी, मग कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे टेकडी. बागेत एक उंबर आहे. तो कुणी लावलेला नाही, आपला आपणच आला आणि बघता बघता तिसऱ्या मजल्याला पोचला. ओगल्यांची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर उंबराच्या पोटासमोर. पाऊस ओसरला, टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलं, की रोज सकाळी साडेसहाला ओगले गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, हातात चहा. हे दिवस पाहुण्यांचे. उत्तरेकडून येणारे पक्षी एकेक करून उतरतात आणि ओगले प्रत्येकाची आवक लिहून घेतात.

त्यांचा खरा जीव होता तो वटवट्यावर. अंगठ्याएवढा पक्षी, हिरवट अंगाचा, डोळ्यावर पिवळसर भुवई. दाट पानांत तो एक क्षण स्थिर बसत नाही, त्यामुळे दिसणं म्हणजे नशीब. पण तो गप्पही बसत नाही. दर थोड्या वेळाने 'च्वी' असा बारीक, धारदार आवाज टाकतो. ओगले त्याला बघत नसत, ऐकत असत. कान दाखवेल तिकडे दुर्बीण, हा त्यांचा नियम. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला 'च्वी' ऐकू आला, की ते आत वळून बायकोला सांगत, "अगं, आला." मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "मग, चहा ठेवू का त्याला?" एकोणीस वर्षं हा संवाद बदललेला नव्हता.

या वर्षी तो झालाच नाही. सप्टेंबर गेला, दसरा गेला, ऑक्टोबरची दहा तारीख उजाडली, वटवट्या नाही. ओगल्यांनी जुनी पानं चाळली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पूर्वी हंगामात साठ-साठ दिवस त्याची नोंद असायची. मग ते दिवस एक्केचाळीसवर आले, मग सव्वीसवर, मग नऊ. गेल्या वर्षी फक्त तीन. आणि आता शून्य. असं एकदम कुणी येईनासं होत नाही. कुणीतरी त्याला येऊ देत नाही, असं ओगल्यांच्या मनाने घेतलं.

पहिला संशय 'ब' इमारतीवर. तिथल्या लोकांनी कबुतरांसाठी गॅलऱ्यांना जाळ्या बसवल्या होत्या. ओगल्यांनी दोन दिवस दुर्बिणीतून एकेक जाळी तपासली. त्यात काही अडकलेलं दिसलं नाही, तरी 'ब' इमारतीला त्यांनी पूर्ण निर्दोष असं सोडलं नाही. दुसरा संशय पहिल्या मजल्यावरच्या नीरजावर, कारण ती मांजरांना खायला घालते. पण तिची मांजरं इतकी लठ्ठ झाली होती, की झाडावर काय, दोन पायऱ्या चढतानाही ती मधे थांबत.

मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की सगळेच पक्षी कमी झालेले नाहीत. तांबट आहे, त्याची टुकटुक दिवसभर चालू आहे. बुलबुल आहेत, कावळे तर आहेतच. गेला तो वटवट्या, आणि गेले ते चष्मेवाल्यांचे बारीक चिवचिवणारे थवे. तांबट खातो उंबरं. बुलबुल खातो फळं. वटवट्या आणि चष्मेवाला पानांवरचे किडे टिपतात. ओगले खुर्चीत ताठ झाले. फळं खाणारे ठणठणीत आणि किडे खाणारे गायब, म्हणजे झाडावर विष पडतंय! इतका स्वच्छ पुरावा त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. आणि झाडाशी फवारणीचं काम कुणाचं, हे शोधायला काही फार लांब जावं लागत नव्हतं.

कचरू चौदा वर्षं सोसायटीचा माळी होता. मूळचा मुळशीकडच्या एका गावचा, आता वारज्याला खोली घेऊन राहणारा. उंच, हडकुळा, कामापुरतं बोलणारा. ओगल्यांच्या मते कामापुरतं बोलणारा माणूस कामापलीकडचं लपवतो. त्यांनी दुर्बीण उंबरावरून काढली आणि कचरूवर लावली. पक्ष्यांच्या वहीत नवीन नोंदी दिसू लागल्या. '७.०५, पंपाच्या खोलीचं कुलूप काढलं. ७.०८, इकडेतिकडे पाहिलं. ७.१०, निळा कॅन बाहेर आणला, लेबल नाही. ७.२०, उंबराच्या बुंध्याशी काहीतरी ओतलं, मग पंपाने पानांवर.' यातल्या 'इकडेतिकडे पाहिलं' याखाली दोन रेघा होत्या.

मंदाकिनीबाईंनी चहा ठेवता ठेवता वही वाचली. "पक्ष्यांच्या वहीत माळी कधीपासून यायला लागला?"

"तुला नाही कळायचं. पाणी मुरतंय कुठेतरी."

"मुरू दे. आत ते धुण्याचं मशीन कधीचं ओरडतंय, कपडे काढा म्हणतंय. तुम्ही दारात बसून हलत नाही. ऐकायचं नाही असं ठरवलंयत का?"

मशीन काही ओरडत नव्हतं. बायको मुद्दाम खोड काढते आहे, वहीवरून लक्ष उडवायला बघते आहे, असं ओगल्यांना वाटलं. गेली दोन-तीन वर्षं ती या मशीनवरून उगाच भांडण काढते, हेही त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी ते तिला बोलून दाखवलं नाही, मनात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले आणि कचरूला वाटेत गाठलं.

"काय रे कचरू, काय आहे त्या कॅनमध्ये?"

"औषध हाय साहेब."

"कसलं?"

"झाडाचं."

"कुठल्या दुकानातून आणतोस?"

"दुकानातलं न्हाय. घरचंच हाय." आणि झाकण घट्ट करून तो कॅन उचलून चालू पडला.

घरचं विष! ओगल्यांना आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. 'मा. सचिव यांस, बागेत होणाऱ्या विषारी फवारणीमुळे पक्षी नाहीसे होत असल्याबाबत.' सोबत वहीतले आकडे, वर्षवार, रूळ मारून.

सोसायटीची सचिव अस्मिता, आयटीत काम करणारी, चाळिशीच्या आतली. रविवारी कमिटीच्या बैठकीत तिने ते पान हातात घेतलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "काका, हा तर प्रॉपर डेटा आहे! एकोणीस वर्षांचा! आमच्या ऑफिसात कुणी इतका क्लीन डेटा देत नाही. आणि हा ड्रॉप बघा, शॉकिंग आहे."

ओगल्यांना कौतुक फारसं मिळालेलं नव्हतं. नाक्यावर तर शिव्याच जास्त. त्यामुळे ते सुखावले. "मी आकड्याशिवाय बोलत नाही," ते म्हणाले.

"कचरूला विचारलं?" कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"विचारून कोण सांगतं?" ओगले म्हणाले. "मी तीस वर्षं विचारत होतो."

अस्मिता शेजारच्याकडे वळून हळूच म्हणाली, "तसंही गार्डनचं आउटसोर्स करायचंच होतं आपल्याला. त्यांची टीम येते, युनिफॉर्म असतो, ॲपवर रिपोर्ट मिळतो." हे वाक्य ओगल्यांनी नीट ऐकलं. एरवी अशा वाक्यावर त्यांनी चार प्रश्न विचारले असते. या वेळी नाही विचारले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक ट्रक न तपासता आत सोडला, कारण तो त्यांच्या सोयीचा होता. दिवाळी झाली की कचरूला थांबवायचं ठरलं. अस्मिताने संध्याकाळी सगळ्या रहिवाशांच्या ग्रुपवर लिहिलं, की केमिकल स्प्रेमुळे आपल्या बागेतले पक्षी नाहीसे झालेत, म्हणून कमिटीने कडक पाऊल उचललं आहे. खाली अंगठे आणि रडक्या चेहऱ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात कचरू उभा होता. चौदा वर्षांत तो कधी वर आला नव्हता.

"साहेब, तुमी लिवून दिलं म्हनं, की पाखरं माझ्यामुळं गेली."

"लिहिलं. पुराव्यानिशी लिहिलं."

"कंची पाखरं?"

"वटवट्या. तुला नाव सांगून काय उपयोग?"

"त्ये बारकं, हिरवं? दिवाळीच्या आधी येतंय, झाडात बसून च्वी च्वी करतंय, त्ये?"

ओगले चपापले. "हो. तोच."

"तो तर हाय की," कचरू म्हणाला. "आत्ता जिना चढताना वरडत हुता. आलाय त्याला महिना झाला."

ओगल्यांना रागही आला आणि बरंही वाटलं. राग या खोटेपणाचा, आणि बरं अशासाठी की माणूस इतकं सरळ खोटं बोलला, की त्याला पकडणं सोपं असतं. नाक्यावर त्यांची यासाठी एक पद्धत होती. ड्रायव्हरला ट्रकच्या या बाजूला उभा करायचा, क्लीनरला त्या बाजूला. दोघांना तोच प्रश्न वेगवेगळा विचारायचा. खोटं असेल तर दोघांचं जुळत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चल खाली. अगं, तू जरा गॅलरीत ये."

मंदाकिनीबाई पोळ्या टाकून आल्या. ओगल्यांनी त्यांना गॅलरीत उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. कचरूला बागेच्या टोकाला नेऊन कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दोघांच्या मधे उंबर. स्वतः ओगले वाटेवर अशा जागी उभे राहिले, की दोघं दिसतील. हुकूम असा होता, की वटवट्याचा आवाज आला की हात वर करायचा. बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, वळायचं नाही.

"आणि नाहीच ओरडला तर?" मंदाकिनीबाईंनी वरून विचारलं. "तवा तापलाय माझा."

"तर पाच मिनिटांत सुटलीस."

बाग शांत होती. तांबटाची टुकटुक चालली होती. टाकीवर एक कावळा ओरडला. रस्त्यावरून पीएमपीची बस गेली. ओगले घड्याळाकडे बघत होते, मनातल्या मनात पुढचं वाक्य जुळवत होते. तेवढ्यात कचरूचा हात वर गेला. ओगल्यांना हसू आलं, आणि त्यांनी गॅलरीकडे बघितलं. मंदाकिनीबाईंचाही हात वर होता.

योगायोग, ओगले म्हणाले. दोन्ही हात खाली आले. अर्धं मिनिट गेलं. दोन्ही हात पुन्हा वर गेले, एकाच क्षणी. ओगल्यांनी कान टवकारले. तांबट, फक्त तांबट. हात खाली, आणि लगेच वर. लगेच पुन्हा वर. यांनी आधी ठरवलंय का? पण कधी ठरवतील? ती स्वयंपाकघरात होती, हा दारात. कुणी खुणावतंय का? त्यांनी आजूबाजूला पाहिलं. नीरजाचं एक लठ्ठ मांजर वाळूवर पडलं होतं, दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कचरूजवळ जाऊन पाहिलं, त्याचे डोळे भिंतीकडे होते आणि भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात त्याचा हात वर गेला. मागे वळून पाहिलं, तर वरचाही हात वर.

मग उंबराच्या बाहेरच्या फांदीवर काहीतरी हललं. ओगल्यांनी गळ्यातली दुर्बीण लावली. पानाच्या टोकाशी तो लटकला होता. हिरवट अंग, पिवळसर भुवई. किती स्वच्छ दिसत होता! त्याने मान वर केली, चोच उघडली, इवलासा गळा थरथरला आणि मिटला. ओगल्यांना काहीही ऐकू आलं नाही. दुर्बीण खाली करायच्या आत त्यांना समजलं, की आता दोन हात वर असतील. ते होते.

ओगले वाटेवरच्या दगडी कठड्यावर बसले. त्यांना भीती वाटली, साधी भीती. अंधारात पायरी चुकल्यावर वाटते तशी. बस ऐकू येते, बेल ऐकू येते, कमिटीतली कुजबूजसुद्धा ऐकू येते, म्हणून माणूस समजतो की आपलं सगळं जागेवर आहे. बारीक आवाज वरच्या टोकाकडून एकेक करून निघून गेले होते, आणि जाताना त्यांनी सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस, सव्वीस, नऊ, तीन. गेली सहा-सात वर्षं ते पक्षी मोजत नव्हतेच, ते आपला कान मोजत होते, आणि पान रूळ मारून कमिटीला देऊन आले होते.

"उघडू का डोळे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी उघडले, खाली पाहिलं आणि तशाच जिना उतरून आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना टोमणा सुचला नाही. "मी मशीनचं तीन वर्षं सांगतेय," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

कचरू भिंतीशी तसाच उभा होता. त्याला कुणी वळायला सांगितलं नव्हतं.

"कचरू," ओगले म्हणाले, "त्या कॅनमध्ये काय आहे?"

"शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. आठ दिस आंबवायचं आन् झाडाला द्यायचं, गाळून पानावर मारायचं. पैलं कोपऱ्यात पिंपात करायचो. वासाची तक्रार आली म्हनून सचिव म्याडम म्हनल्या, आत कुलपात ठेव, कुनाला सांगू नको."

"तक्रार कुणी केली होती?"

कचरू वळला. "तुमीच, साहेब. दोन वर्सं झाली."

ओगल्यांना ती तक्रार आठवली. 'बागेतील असह्य दुर्गंधीबाबत.' चांगला मुद्देसूद अर्ज होता.

त्याच संध्याकाळी ते अस्मिताकडे गेले. तक्रार मागे घेतो म्हणाले. कानाचं सांगताना त्यांची जीभ अडखळली, पण सांगितलं. अस्मिताने ऐकून घेतलं, "अरेरे, काका" म्हणाली, आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबरही दिला. "पण काँट्रॅक्ट साइन झालंय. काल रात्रीच मेल गेला. आता बॅकआउट नाही करता येणार."

"मग ग्रुपवर तरी लिही, की कचरूने काही केलं नाही."

"बघते ना. थोडं डेलिकेट आहे, नाही का? सगळ्यांना वाटेल कमिटीने न तपासताच डिसिजन घेतला."

तसंच घेतला होता. आणि ती लिहिणार नाही, हे ओगल्यांना तिच्या 'बघते ना' वरूनच कळलं. हा संशय खरा ठरला, ग्रुपवर नंतर काहीही आलं नाही. त्यांनी स्वतः लिहायचं ठरवलं, फोन हातात घेतला, तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. सत्तर घरं. प्रत्येकजण उद्या जिन्यात भेटल्यावर मोठ्याने बोलणार, हात उडवून बोलणार. त्यांनी फोन ठेवून दिला. उद्या लिहू म्हणाले.

दिवाळी झाली. युनिफॉर्ममधली टीम आली, मोठ्या आवाजाची गवत कापायची मशीनं आली. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी कचरू पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी त्याला आत यायला सांगितलं, तो आला, पण बसला नाही.

"वारज्याला एका सोसायटीत काम मिळतंय, साहेब. मोठी बाग हाय. पन तिथल्या शेठनी इचारलं, कोथरूडात पाखरांना इख घालनारा तूच का? त्यांच्या मोबाइलवर आलंय म्हनं. मी न्हाय म्हनलं. त्ये म्हनले, लिवून आन."

"देतो," ओगले म्हणाले. "आत्ता देतो."

ते टेबलाशी बसले. लेटरहेडसारखा कागद काढला, पेन झटकलं आणि लिहिलं. हात जुन्या सवयीने चालला. पाच मिनिटांत कागद झाला. घडी घालून त्यांनी पुढे केला.

कचरूने घेतला नाही. "मला छापील वाचता येतं. हातचं न्हाय येत. जरा वाचून दाखवा."

ओगल्यांनी कागद उघडला. वर बघितलं तर कचरू त्यांच्याच तोंडाकडे बघत होता. ते वाचू लागले. "'श्री. कचरू यांनी आमच्या सोसायटीत चौदा वर्षं माळीकाम केलेले आहे. त्यांच्याविषयी जी तक्रार झाली होती, ती...'" इथे ते थांबले, आणि मग म्हणाले, "'ती माझ्या कानाला ऐकू येत नसल्यामुळे झाली. त्यांचे काम प्रामाणिक आहे. दिगंबर ओगले.'"

कचरूने मान हलवली. मग कागद त्यांच्या हातातून घेतला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"काकू, जरा वाचता का?"

मंदाकिनीबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागल्या. त्या नेहमीच जरा सपाट, घाईने वाचतात. "'...त्यांच्याविषयी जी तक्रार झाली होती, ती काही गैरसमजातून झाली असावी. त्यांचे काम समाधानकारक आहे.'"

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "संपलं. का रे?"

"कानाचं कुटं हाय त्यात?"

"कानाचं नाही यात काही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दारातून नवऱ्याकडे पाहिलं.

इतकी लाज ओगल्यांना कधी वाटली नव्हती. ज्यांना त्यांनी पकडलं होतं ती माणसं अशा वेळी काय करायची, ते त्यांना पाठ होतं. काही ओरडायची, काही हात जोडायची, काही म्हणायची साहेब चुकून राहिलं. कचरू कागद हातात धरून उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ओगल्यांनी दुसरा कागद ओढला. या वेळी हात सवयीने चालेना, प्रत्येक शब्द त्यांना ढकलत न्यावा लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला नाही. सरळ मंदाकिनीबाईंच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. "'मला ऐकू येत नाही. मला पक्षी ऐकू आले नाहीत, म्हणून मी पक्षी नाहीत असे लिहिले आणि कचरूवर आळ घेतला. त्याने विष घातले नाही. पक्षी आहेत. खोटे मी लिहिले होते. दिगंबर ओगले.'"

"आता हाय," कचरू म्हणाला.

त्याने दोन्ही कागद मागितले. ओगल्यांनी विचारलं, पहिला कशाला? "खोटं कंचं आन् खरं कंचं, त्ये दोन्ही संगं असल्यावर कळतं," कचरू म्हणाला. दोन्ही कागदांच्या वेगवेगळ्या घड्या घालून त्याने ते वेगवेगळ्या खिशांत ठेवले, काकूंना येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला.